पोडोसाइटचे पाय कशानं उभे राहतात

लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन, तपासायची जुनी रीत मला अजूनही आवडते. टेस्ट ट्यूब पाऊण भरायची, तिरकी धरायची आणि स्पिरिट लॅम्पवर फक्त वरचा भाग तापवायचा. खालचा भाग थंडच ठेवायचा, म्हणजे तुलनेला सोय होते. वरचा भाग ढगाळ झाला म्हणून लगेच 'पॉझिटिव्ह' लिहायचं नाही. तीन टक्के ॲसेटिक ॲसिडचे दोन-चार थेंब सोडायचे. ढग फॉस्फेटचा असेल तर विरघळून जातो, प्रोटीनचा असेल तर तसाच राहतो, कधी आणखी दाट होतो. नेफ्रोटिकच्या, म्हणजे किडनीतून प्रोटीन गळायच्या आजाराच्या, पेशंटचं सॅम्पल असलं की ढग कसला, पांढरे गठ्ठेच तळाकडं उतरायला लागतात.

मी परभणीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आता सगळीकडं स्ट्रिप आल्यात, मिनिटाच्या आत रंग सांगतात. तरी शंका आली की मी लॅम्प पेटवते. प्रोटीन डोळ्यांनी दिसायची ही एवढीच संधी असते, ती मला सोडवत नाही.

या तपासणीशी माझं घरचंही नातं आहे. अक्का जिंतूर तालुक्यात एका खेड्यात दिलेली. तिच्या धाकट्याला पाचव्या वर्षी नेफ्रोटिक सिंड्रोम निघाला. सकाळी उठला की पापण्या सुजलेल्या, दिवस कलला की पाय सुजलेले. शेजारच्या बायका म्हणायच्या, लेकरानं बाळसं धरलंय. अक्काला ते पटेना, कारण लेकरू जेवत तर नव्हतं आणि चड्डीचं इलॅस्टिक पोटात रुतून तिथं वळ उठत होता. दाजी त्याला मोटारसायकलवर पुढं बसवून परभणीला घेऊन आले. सॅम्पल मीच लावलं. फोर प्लस, म्हणजे प्रोटीन भरपूर.

डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलं, मीठ कमी करायला सांगितलं, रोज सकाळी लघवी तपासून वहीत लिहायला सांगितलं आणि समजावताना म्हणाले, किडनीची चाळणी गळतेय. अक्कानं ते नीट ऐकून घेतलं. रात्री मला फोन करून विचारलं, "चाळणीला भोकं पडली म्हंजी ती परत बुजतेत का गं?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. चाळणीचं भोक एकदा मोठं झालं की ते मोठंच राहतं. पण बहुतेक लेकरांच्या लघवीतलं प्रोटीन स्टेरॉइड सुरू केल्यावर काही आठवड्यांत थांबतं. म्हणजे आत जे काही बिघडतं ते परत जागेवर येतं. ते काय आहे आणि कशानं येतं, हे शोधताना मी रात्री-रात्री जे वाचत बसले ते आज इथं मांडते.

किडनीच्या गाळणीला तीन थर असतात. आतून रक्तवाहिनीचं छिद्रं असलेलं अस्तर, मध्ये बेसमेंट मेंब्रेन आणि बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशी. पोडोसाइटला लांब फाटे असतात, त्या फाट्यांना बारीक पाय असतात आणि एका पेशीचे पाय शेजारणीच्या पायांमध्ये गुंफून रक्तवाहिनीला वेढून बसलेले असतात. दोन पायांच्या मधली फट साधारण ४० नॅनोमीटरची. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक नॅनोमीटर. या फटींतून दिवसाला जवळपास १८० लिटर पाणी गाळलं जातं, त्यातलं बहुतेक पुढच्या नळ्या परत शोषून घेतात. आणि अल्ब्युमिन रक्तातच राहायला हवं.

लहान मुलांच्या नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकाराला मिनिमल चेंज डिसीज म्हणतात. नाव असं का, तर साध्या मायक्रोस्कोपखाली किडनीचा तुकडा जवळपास निरोगी दिसतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मात्र पोडोसाइटचे सुटे-सुटे पाय दिसत नाहीत. ते पसरून सपाट होऊन एकमेकांत मिळून गेलेले असतात. औषध लागू पडलं की पाय परत उभे राहतात. म्हणून अक्काला मी सांगितलं, भोकं पडलेली नाहीत, तिथल्या पेशींच्या पायांचा आकार गेलाय आणि तो परत येऊ शकतो.

आता पायाला आकार देतो तो ॲक्टिन. हे प्रोटीन सुट्या रेणूंच्या रूपात पेशीत तरंगत असतं आणि गरजेप्रमाणे एकामागे एक जोडलं जाऊन त्याचे सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे धागे बनतात. एका टोकाला जोडलं जातं, दुसरीकडून सुटत राहतं. पायाचा आकार म्हणजे या जोडणी-सुटणीचा चालू हिशेब. पण ॲक्टिनचा नवा धागा आपोआप सुरू होणं अवघड असतं. दोन-तीन रेणू जवळ आले तरी ते टिकत नाहीत, लगेच सुटतात. सुरुवात करून द्यायला दुसरं कुणी लागतं. त्यातलं एक म्हणजे आर्प २/३, सात प्रोटीनचा मिळून बनलेला गट. तो जुन्या धाग्याच्या कडेला बसतो आणि तिथून सुमारे ७० अंशांत नवी फांदी काढतो.

आर्प २/३ पण स्वतःहून कामाला लागत नाही. त्याला जागं करतं एन-वास्प नावाचं प्रोटीन. आणि एन-वास्प स्वतःवरच दुमडून बंद पडलेलं असतं, त्याला उघडायला सीडीसी४२ हे इशारा देणारं प्रोटीन आणि पटलातलं, म्हणजे पेशीच्या आवरणातलं, पीआयपी२ नावाचं स्निग्ध लागतं. बंद ठेवायची एवढी व्यवस्था पेशीनं का केली असेल, हे सहज लक्षात येतं. ॲक्टिनचे धागे वाटेल तिथं उगवून चालणार नाही. ते पटलाला लागून, ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळीच उगवायला हवेत.

ती जागा दाखवणारं प्रोटीन म्हणजे नेफ्रिन. १९९८ मध्ये स्वीडनमध्ये कार्ल ट्रिग्वासन यांच्या गटानं त्याचा जीन शोधला, तोही फिनलंडमध्ये जास्त दिसणाऱ्या जन्मजात नेफ्रोटिक आजाराचा माग काढताना. नेफ्रिन पोडोसाइटच्या पटलातून आरपार गेलेलं असतं. बाहेरचा भाग फटीत शेजारच्या पायाकडून आलेल्या नेफ्रिनशी जुळतो आणि फटीवरचा पडदा बनतो. आतल्या शेपटीवर टायरोसिन या अमिनो ॲसिडच्या काही जागा असतात. फिन नावाचं एन्झाइम त्यांवर फॉस्फेट लावतं. फॉस्फेट लागलं की त्या जागेवर एनसीके नावाचं प्रोटीन येऊन बसतं. एनसीकेला नेफ्रिन धरायला एक भाग असतो आणि एन-वास्प धरायला तीन. २००६ मध्ये टोनी पॉसन यांच्या गटानं उंदरांच्या पोडोसाइटमधून दोन्ही प्रकारचं एनसीके काढून टाकलं, तर त्या पिल्लांच्या पोडोसाइटचे पाय नीट बनलेच नाहीत आणि लघवीतून प्रोटीन जायला लागलं. नेफ्रिन जागेवर, ॲक्टिन जागेवर, मधला दुवा तेवढा नाही, तर गाळणी उभी राहत नाही.

इथपर्यंत सगळं साखळीसारखं वाटतं. हा त्याला धरतो, तो पुढच्याला. मीही बरेच दिवस असंच समजून होते. चित्रंही तशीच काढलेली असतात, बाणामागून बाण.

पण मोजून बघा. नेफ्रिनच्या शेपटीवर एनसीके बसायच्या जागा तीन. एनसीकेकडं एन-वास्प धरायचे भाग तीन. एन-वास्पवर एनसीके धरतील अशा जागा अनेक. प्रत्येकाकडं एकापेक्षा जास्त जोडणी असेल तर सरळ साखळी बनेल कशाला? एक एनसीके दोन एन-वास्पना धरेल, ते एन-वास्प आणखी दोन एनसीकेंना, ते पुन्हा वेगवेगळ्या नेफ्रिनना. जाळंच तयार होणार. या जोडण्या एकेकट्या कमजोर असतात, सेकंदाच्या आत सुटतात, पण जाळ्यात इतक्या असतात की एक सुटली तरी रेणू तिथंच राहतो आणि शेजारची जोडणी पकडतो.

डॅलसमधल्या मायकल रोझेन यांच्या प्रयोगशाळेनं २०१२ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की असे अनेक जोडण्यांचे प्रोटीन एकत्र केले आणि ठराविक प्रमाणाच्या वर गेले की स्वच्छ द्रावण एकदम ढगाळ होतं. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर ते थेंब असतात, द्रव थेंब, एकमेकांना भिडले की मिसळून मोठे होणारे. आत प्रोटीन दाट, बाहेर विरळ. याला फेज सेपरेशन म्हणतात. आणि जिथं हा बदल होतो नेमकं तिथंच आर्प २/३ चं काम झपाट्यानं वाढतं. त्याआधी २००९ मध्ये क्लिफर्ड ब्रँगविन आणि अँथनी हायमन यांनी एका बारीक कृमीच्या भ्रूणातले पी-ग्रॅन्यूल नावाचे कण द्रव थेंबांसारखे वागतात हे दाखवलं होतं, तिथून या विषयाला जोर आला.

हे वाचताना मला साहजिकच माझी टेस्ट ट्यूब आठवली. पण तो ढग आणि हा ढग यांत मोठा फरक आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. लॅम्पवर तापवलेलं अल्ब्युमिन उलगडतं, एकमेकांत अडकतं आणि घट्ट होतं. ते थंड केलं तरी पूर्ववत होत नाही. नेफ्रिन-एनसीके-एन-वास्पच्या थेंबातलं प्रोटीन मात्र आपल्या मूळ घडीत असतं, काम करत असतं, आत-बाहेर ये-जा करत असतं. फॉस्फेट काढून टाकणारं एन्झाइम आलं की थेंब विरून जातात. पेशीला असाच ढग परवडतो, जो हवा तेव्हा जमवता येतो आणि हवा तेव्हा मोडता येतो.

पुढचा टप्पा पटलाचा. नेफ्रिन काही पाण्यात सुटं फिरत नाही, ते पटलात रुतलेलं असतं. म्हणून रोझेन यांच्या लोकांनी काचेवर स्निग्धाचा दुहेरी थर पसरला, त्यावर नेफ्रिनची शेपटी अडकवली आणि तिला चमकणारा रंग लावला. वर एनसीके आणि एन-वास्प सोडलं. आधी सगळ्या काचेवर एकसारखा उजेड होता, तो तुटून ठळक ठिपके झाले. एका ठिपक्यावर लेझर मारून रंग घालवला तर थोड्या वेळानं तो ठिपका परत उजळतो, कारण बाजूचे रेणू सरकून आत येतात. आर्प २/३ आणि ॲक्टिन घातलं की धागे उगवतात ते या ठिपक्यांतूनच. पटलावर हे सगळं द्रावणात लागतं त्यापेक्षा खूप कमी प्रोटीनमध्ये होतं. नेफ्रिनला वर-खाली जायला वावच नसल्यामुळं भेटी वाढतात.

मग मला एक प्रश्न पडला आणि मी त्यावर बरीच अडले. ठिपक्यात ॲक्टिन जास्त बनतं, ठीक आहे. पण ते तिथं एन-वास्प जास्त गोळा झालं म्हणून? तसं असेल तर यात विशेष ते काय? एका जागी दहा माणसं लावली तर दहापट काम होणारच.

याचं उत्तर २०१९ च्या मार्चमध्ये 'सायन्स'मध्ये आलं. लिंडसे केस आणि रोझेन यांच्या गटाचा तो निबंध. त्यांनी एकेक रेणू मोजला. काचेला लागून फक्त शे-दोनशे नॅनोमीटर उंचीपर्यंतच उजेड पाडणारा मायक्रोस्कोप असतो, त्यात पटलावर येऊन टेकलेला एकेक रेणू ठिणगीएवढा दिसतो आणि निघून गेला की विझतो. आला कधी, गेला कधी, दोन्ही वेळा टिपता येतात. त्यांना दिसलं की ठिपक्यात एकेका एन-वास्पमागं होणारं कामच वाढलेलं आहे. म्हणजे संख्या वाढल्याचा हिशेब वजा केला तरी काहीतरी उरतंच. ते उरलेलं म्हणजे थांबण्याचा वेळ. ठिपक्यातलं एन-वास्प पटलावर जास्त वेळ टिकतं आणि आर्प २/३ सुद्धा.

आर्प २/३ जागं करणं हे एका झटक्यातलं काम नाही. दोन एन-वास्प त्याला धरायला लागतात, ॲक्टिनचे सुटे रेणू आणून द्यावे लागतात, त्याला जुन्या धाग्याच्या कडेला नेमकं बसावं लागतं, मग त्याचा स्वतःचा आकार बदलतो आणि तेव्हा कुठं फांदी फुटते. पायऱ्या बऱ्याच आणि प्रत्येकीला वेळ लागतो. मोकळ्या पटलावर बहुतेक रेणू येतात आणि काम पुरं व्हायच्या आत निघून जातात. जाळ्यात अडकलेला रेणू थांबतो, म्हणून त्याच्या हातून काम पुरं होतं. या सगळ्या विषयात मला मनापासून पटलेली आणि सगळ्यांना सांगावीशी वाटणारी गोष्ट हीच आहे. थेंब पटलावर जमला म्हणजे तिथं गर्दी झाली एवढंच आपण म्हणतो, पण ॲक्टिनला फरक पडतो तो रेणू तिथं किती वेळ टिकला यानं.

त्याच अंकात त्याला लागून दुसरा निबंध होता, जे ग्रोव्ह्ज यांच्या गटाचा, टी पेशी या रोगप्रतिकारक पेशींमधल्या लॅट, जीआरबी२ आणि एसओएस या तीन प्रोटीनवर. प्रोटीन वेगळे, पेशी वेगळी, पण निघालं तेच. एसओएसला जागं व्हायला वेळ लागतो आणि जाळ्यात अडकल्यामुळं तेवढा वेळ त्याला मिळतो. चुकून एखादा क्षणभराचा इशारा आला तर काम सुरू होत नाही, इशारा टिकला तरच होतं. टी पेशीबद्दल २०१६ चा शाओलेई सू, रॉन व्हेल आणि रोझेन यांचा निबंधही वाचण्यासारखा आहे. त्यात लॅटचे ठिपके फॉस्फेट काढणाऱ्या सीडी४५ ला बाहेर ठेवतात आणि ॲक्टिनचे धागेही उभे करतात.

केस यांच्या निबंधात आणखी एक गोष्ट आहे. एनसीके आणि एन-वास्प यांचं आपसातलं प्रमाण बदललं की थांबण्याचा वेळ बदलतो, म्हणून कामही बदलतं. ठिपका दिसतोय तेवढ्यावरून तो किती ॲक्टिन बनवेल हे सांगता येत नाही. आत कोण किती आहे ते बघावं लागतं. लॅबमध्ये बसून रोज रिएजंटचं प्रमाण सांभाळणाऱ्या माणसाला हे लगेच भिडतं.

या सगळ्यावर टीकाही आहे आणि ती वाजवी आहे. काचेवरचं पटल आणि जिवंत पोडोसाइट एक नव्हे. शुद्ध प्रोटीन पुरेसं दाट केलं तर थेंब बनवणं फार अवघड नसतं. पेशीत थेंब आहे हे दाखवायला १,६-हेक्झेनडायॉल घालून तो विरघळवतात, पण ते रसायन इतर एन्झाइमच्या कामातही ढवळाढवळ करतं. शिवाय फटीवरच्या पडद्यात नेफ्रिन बरंच शिस्तीत मांडलेलं असतं, तिथं मोकळ्या द्रवासारखं वागायला त्याला किती मुभा असेल हा खरा प्रश्न आहे. भाच्याचा आजार फेज सेपरेशन बिघडल्यानं झाला असं मी अजिबात म्हणत नाही, तसं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण थांबण्याच्या वेळेचा मुद्दा थेंब अगदी गोल आणि द्रव असण्यावर अवलंबून नाही. जाळं असलं की पुरे.

आणि आता मला सगळ्यात जास्त ओढ लावणारी गोष्ट. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाला मिनिमल चेंजच्या काही पेशंटच्या रक्तात नेफ्रिनच्या विरुद्ध अँटिबॉडी सापडल्या. २०२४ मध्ये जर्मनीच्या नेतृत्वाखालच्या मोठ्या अभ्यासात त्या बऱ्याच मोठ्यांमध्ये आणि मुलांमध्ये दिसल्या आणि आजार जोरात असताना जास्त. त्याच अभ्यासात उंदरांना नेफ्रिन टोचून त्यांच्या शरीरातच अशा अँटिबॉडी तयार करवल्या, तर उंदरांना तसाच आजार झाला, नेफ्रिनवर फॉस्फेट चढलं आणि पोडोसाइटचा आतला सांगाडा पार बदलून गेला.

म्हणजे बघा, २००६ च्या उंदरांमध्ये फॉस्फेटचा इशारा पुढं न्यायला एनसीके नव्हतं, तर पाय बनले नाहीत. २०२४ च्या उंदरांमध्ये अँटिबॉडी बसून फॉस्फेट चढलं, तर उभे पाय सपाट झाले. इशारा पोचला नाही तरी बिघाड आणि नको तेव्हा पोचला तरी बिघाड. भाच्याच्या बाबतीत नेमकं काय झालं ते सांगता येणार नाही, त्याची ती तपासणी झालेली नाही. त्याला मधे सर्दी-खोकल्याच्या मागोमाग पुन्हा थ्री प्लस आलं होतं, औषध वाढवलं, उतरलं. या आजारात असं उलटणं नेहमीचं आहे. आता अक्का स्ट्रिपचा रंग स्वतः ओळखते आणि 'निल', 'ट्रेस' असं इंग्रजी शब्द देवनागरीत वहीत लिहिते. गावातल्या आणखी एका लेकराच्या पापण्या सुजल्या तेव्हा बाळसं म्हणून सोडून न देता तिनंच त्याच्या आईला तपासायला पाठवलं.

मला आता एकच प्रयोग कुणीतरी केलेला बघायचा आहे. काचेवरचं तेच पटल घ्यायचं, पण पूर्ण नेफ्रिनचं, बाहेरच्या भागासकट. त्यावर पेशंटच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या अँटिबॉडी सोडायच्या. अँटिबॉडीला दोन टोकं असतात, ती दोन नेफ्रिनना जवळ आणणार. मग ठिपके वाढतात का, त्यांतलं एनसीके आणि एन-वास्पचं प्रमाण बदलतं का आणि एकेक एन-वास्प किती वेळ थांबतं, ते मोजायचं. मोजायची साधनं तर २०१९ पासून तयारच आहेत.